मैदानाबाहेरची शिस्त : खान्देशातून व्यावसायिक खेळात उतरणाऱ्यांसाठी

प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली, अल्टिमेट खो-खो २०२२ मध्ये आणि महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ मध्ये. अमळनेर, पाचोरा, शिरपूर, शहादा इकडच्या मुलामुलींना खेळावर पोट भरता येईल अशी वाट गेल्या दहा-बारा वर्षांत तयार झाली. खेळ शिकवणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. पकड कुठं घालायची, पोल कसा मारायचा, ढाक कधी लावायची हे सांगणारं कोणी ना कोणी गावात भेटतंच. पण करारावर सही झाली की मैदानाबाहेरच्या वागण्यालाही लेखी नियम लागतात आणि ते मोडले तर खेळच थांबतो, हे सांगणारं माणूस क्वचित भेटतं. म्हणून हा लेख. पहिल्यांदा सही करणाऱ्यांसाठी, आणि तितकाच त्यांच्या घरच्यांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याशी जोडलेलं आहे. नवख्या खेळाडूला गोत्यात आणणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, आणि तो हे प्रेमापोटी करतो. मामा खोकल्याचं औषध आणून देतात. गावातले दादा चषकाच्या सामन्यात 'दोनच चढाया कर' म्हणून गळ घालतात. शाळेतला दोस्त 'उद्या कोण खेळणार आहे रे?' असं सहज विचारतो. यातल्या कोणाच्याच मनात काळंबेरं नसतं. नियमाला मात्र मन दिसत नाही, घडलेली गोष्ट दिसते. आपल्या माणसाला, त्याचा मान राखून, नाही म्हणता येणं ही मैदानाबाहेरच्या शिस्तीची निम्मी तयारी आहे.

सहीच्या आधी

करार हातात आला की तिथल्या तिथे सही करू नका. 'घरी दाखवून उद्या देतो' म्हणा. चांगला संघ एवढा वेळ देतोच, आणि जो देत नाही त्याच्याबद्दल तिथेच काय ते कळतं. करार इंग्रजीत असेल. तालुक्याच्या कोर्टात बसणाऱ्या वकिलाकडे जा, फी द्या, आणि प्रत्येक कलमाचा अर्थ मराठीत समजून घ्या. खेळाडू १८ वर्षांखालचा असेल तर त्याच्या एकट्याच्या सहीचा करार कायद्यानं टिकत नाही. आई-वडील किंवा पालक त्यात असायलाच हवेत.

वाचताना मानधनाच्या आकड्यावरच डोळे खिळतात. त्याच्या मागची पानं जास्त महत्त्वाची. आचारसंहिता बहुधा शेवटी वेगळी जोडलेली असते. ती मागून घ्या, कारण 'सोबतच्या आचारसंहितेला बांधील राहीन' या एका ओळीखाली तुमची सही असते. दुसऱ्या स्पर्धेत खेळायला कोणाची परवानगी लागते, दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करतं, दंड किती आणि तो मानधनातून परस्पर कापला जातो का, तक्रार कोणापुढे चालते, एवढ्या जागी पेन्सिलीनं खूण करा. सही केलेली एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि मोबाइलमध्ये तिचा फोटो काढून ठेवा.

याच टप्प्यावर जन्मतारखेचा प्रश्न निकालात काढा. आपल्याकडे किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो ते बघा. पोर शाळेत घालताना गुरुजींनी प्रवेशाला बसेल अशी तारीख टाकली, तीच दाखल्यावर आली, दाखल्यावरून आधारवर गेली. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत मात्र वेगळीच तारीख असते. गावात याचं कोणाला काही वाटत नाही. वयोगटाच्या स्पर्धेत हाच गुन्हा ठरतो. बीसीसीआयनं वयाच्या बनवाबनवीसाठी २०२०-२१ च्या हंगामापासून दोन वर्षांची बंदी ठेवली आहे, आणि मुलांच्या १६ वर्षांखालील गटात हाडांची चाचणीही होते. तेव्हा जन्मनोंद, शाळेचा दाखला, आधार आणि पासपोर्ट हे चारही कागद एकदा टेबलावर शेजारी शेजारी मांडा. तारखा जुळत नसतील तर निवडीआधी संघटनेला लेखी कळवा आणि दुरुस्ती करून घ्या. 'एक वर्ष लहान गटात खेळू दे, कोणाला कळतं' असं सांगणारा भला माणूस भेटेल. त्याचं ऐकू नका. एक वर्ष वाचवायला जाऊन दोन वर्षं घालवावी लागतात.

शिबिरातले पहिले दिवस

वेळा, गणवेश, संघाची बस, खोलीत पाहुणे आणायचे नाहीत, रात्री अमुक वाजता दिवे बंद. हे नियम कोणालाही समजतात, त्यावर फार लिहीत नाही. मोठ्यांनाही ते चुकलेले नाहीत. ऑस्ट्रेलिया दौऱ्यातल्या पराभवानंतर जानेवारी २०२५ मध्ये बीसीसीआयनं भारतीय संघाला दहा कलमी शिस्त लावली. सगळ्यांनी संघासोबतच प्रवास करायचा, सराव संपेपर्यंत थांबायचं, मालिका चालू असताना स्वतःच्या जाहिरातींचं चित्रीकरण करायचं नाही, स्थानिक स्पर्धा टाळायच्या नाहीत. सामानाच्या वजनालासुद्धा मर्यादा आली. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, ईशान किशन आणि श्रेयस अय्यर यांची नावं वार्षिक करारातून गळली होती. राज्याच्या संघाकडून खेळण्यात त्यांनी केलेली टाळाटाळ हे त्यामागचं कारण असल्याचं तेव्हा सगळीकडे म्हटलं गेलं. पुढच्या वर्षी दोघांनाही करार परत मिळाले.

नव्यांकडून सगळ्यात जास्त चुकतं ते कपड्यांत. संघाचा प्रायोजक एक आणि चुलतभावानं भेट दिलेला टी-शर्ट दुसऱ्याच कंपनीचा. विनेश फोगाटला ऑगस्ट २०२१ मध्ये कुस्ती महासंघानं निलंबित केलं तेव्हा टोकियोत वेगळ्या कंपनीचा पोशाख घातला, हा आरोपांपैकी एक होता. माफीनंतर तिला समज देऊन प्रकरण मिटवण्यात आलं. एवढ्या मोठ्या मल्लाला विचारलं जातं, तर आपल्याला नक्की विचारतील. संघाच्या कार्यक्रमात कोणती कंपनी चालते आणि कोणती नाही हे व्यवस्थापकाला पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

दारूबद्दल दोन वाक्यं. महाराष्ट्रात दारू पिण्याचं कायदेशीर वय २५ आहे, सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१, आणि परवानाही लागतो. म्हणजे वीस-बावीस वर्षांच्या खेळाडूच्या हातातला ग्लास कराराच्या आधी कायद्यातच अडकतो, आणि फोटो काढणारा मित्रच असतो.

मेडिकलच्या काउंटरवर

हा भाग सावकाश वाचा. आपल्या भागातल्या मुलांना सर्वांत मोठा धोका इथे आहे.

पृथ्वी शॉचं प्रकरण आठवा. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी त्याच्या लघवीचा नमुना घेतला गेला. त्यात टर्ब्युटालिन सापडलं. सर्दी-खोकल्यासाठी घेतलेल्या औषधातून ते पोटात गेलं, हे त्याचं म्हणणं बीसीसीआयनं मान्य केलं. तरीही आठ महिन्यांची बंदी बसली. कसोटी पदार्पणात शतक ठोकलेला १९ वर्षांचा मुलगा एका खोकल्याच्या बाटलीनं घरी बसला. त्याच्या आदल्या वर्षी युसूफ पठाणला याच घटकापायी पाच महिन्यांची बंदी झाली होती.

यातला नियम साधा आणि कठोर आहे: शरीरात जे सापडलं त्याला खेळाडू जबाबदार. कोणी दिलं, का दिलं, माहीत होतं का, यावर शिक्षा कमी-जास्त होईल, दोष मात्र लागतोच.

आता प्रत्यक्षात काय करायचं ते बघू. घसा बसलाय, खोकला येतोय, तुम्ही सुट्टीत गावी आहात. मेडिकलवाला ओळखीचा आहे, तो सवयीनं एक बाटली काढून समोर ठेवतो. बाटली उलटी करा. मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा. 'टर्ब्युटालिन, ब्रोमहेक्झिन, ग्वायफेनेसिन' असं त्रिकूट आपल्याकडच्या कितीतरी कफ सिरपमध्ये असतं. त्यातला पहिला शब्द दिसला की बाटली परत ठेवा. बाकीच्या घटकांसाठी नाडाचं, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेचं, 'नो युअर मेडिसिन' (Know Your Medicine) हे ॲप मोबाइलमध्ये ठेवा. घटकाचं नाव टाकून ते चालतं की नाही ते बघता येतं. मग संघाच्या डॉक्टरला बाटलीच्या लेबलचा फोटो पाठवा आणि त्याचं उत्तर येईपर्यंत गरम पाण्यावर थांबा. 'माझी डोप टेस्ट होते, मला चालेल असंच द्या' हे वाक्य मेडिकलवाल्याला आणि गावच्या डॉक्टरांना मोठ्यानं सांगायची सवय लावून घ्या. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

खोकल्याच्या बाटलीखेरीज आपल्याकडे चार वाटांनी हे विष येतं. पहिली, दुखण्यावरचं इंजेक्शन. गुडघा सुजला की डॉक्टर स्टिरॉइडची सुई देतात. ती स्पर्धेच्या काळात चालत नाही. ट्रॅमाडॉल हे दुखण्याचं औषधही १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धाकाळात बंद आहे. दुसरी वाट तालीम आणि जिममधली. मेफेन्टरमाइनची सुई 'दम वाढतो' म्हणून कुस्ती-कबड्डीच्या पोरांना टोचली जाते. रक्तदाब एकदम खाली गेलेल्या रुग्णाला दवाखान्यात देण्याचं हे औषध आहे. ते धडधाकट मुलानं घेतलं तर बंदीआधी हृदयच धोक्यात येतं. असं काही समोर आलं तर तिथून उठून जा, देणारा वस्ताद असला तरी. तिसरी, डब्यातली पावडर. प्रथिनांचा डबा असो की कोणा वैद्यानं पुडीत बांधून दिलेलं चूर्ण, आत काय आहे हे लेबलवरून पूर्ण कळत नाही, आणि 'आयुर्वेदिक आहे' हे सुनावणीत उत्तर होत नाही.

चौथी वाट सणाची. महाशिवरात्रीला आणि होळीला भांग फिरते, थोरली माणसं प्रसाद म्हणून हातावर ठेवतात. भांग आणि गांजा यांतला घटक स्पर्धाकाळात प्रतिबंधित आहे, आणि तो शरीरातून जायला बरेच दिवस घेतो. आज घेतलेला घोट पुढच्या आठवड्यातल्या सामन्याच्या चाचणीत दिसू शकतो. प्रसाद कपाळाला लावा आणि शेजाऱ्याकडे द्या.

हा कडकपणा उगाच नाही. २०२३ मध्ये भारतात नाडानं ५,६०६ नमुने तपासले, त्यांतले २१३ सदोष निघाले. जास्त चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत वरचं होतं. त्यामुळे चाचण्या वाढतच जाणार.

दमा किंवा तसा आजार खरोखर असेल तर घाबरायचं कारण नाही. वैद्यकीय कारणासाठी सवलतीचा अर्ज करता येतो. डॉक्टरांची कागदपत्रं जोडून तो औषध सुरू करण्याआधी भरायचा असतो.

नमुना द्यायची वेळ आली तर काय होतं, तेही माहीत असू द्या, म्हणजे गांगरायला होत नाही. अधिकारी ओळखपत्र दाखवतो. त्या क्षणापासून नमुना होईपर्यंत तुम्ही त्याच्या नजरेसमोर राहायचं. निदान ९० मिलिलिटर लघवी लागते; होत नसेल तर सीलबंद पाणी पिऊन थांबायचं. नमुना देताना समोर असणारी व्यक्ती तुमच्याच लिंगाची असते. सोबत स्वतःचा माणूस नेता येतो, आणि अल्पवयीन खेळाडूनं तो न्यावाच. समोर ठेवलेल्या कीटमधून एक तुम्ही निवडायचं, सील तपासायचं, बाटल्यांवरचा क्रमांक फॉर्मवरच्या क्रमांकाशी ताडून बघायचा. गेल्या सात दिवसांत घेतलेली सगळी औषधं लिहायची, अगदी डोकेदुखीची गोळीसुद्धा. काही खटकलं तर शेऱ्याच्या रकान्यात मराठीत लिहा आणि मग सही करा. प्रत मागून घ्या. एक गोष्ट कधीच करायची नाही: नमुना द्यायला नकार. तक्रार असेल ती लिहा, पण नमुना द्या, कारण नकाराची ठरलेली शिक्षा चार वर्षांची आहे.

वरच्या पातळीवर गेलेल्यांना आपला ठावठिकाणाही कळवावा लागतो. नाडाच्या नोंदणीकृत यादीत नाव आलं की रोज कुठे राहणार ते आणि सकाळी ५ ते रात्री ११ मधला एक तास, ज्यात तुम्ही हमखास सापडाल, असा भरायचा. बारा महिन्यांत तीनदा चुकलं तर दोन वर्षांपर्यंत बंदी. शहरातल्या फ्लॅटमध्ये हे सोपं असतं. आपलं घर 'मु. पो.' च्या पत्त्यावरचं, घराला नंबर नाही, आणि पोरगं सकाळी मळ्यात. म्हणून पत्ता परक्या माणसाला सापडेल असा लिहा: बसस्टँडपासून कुठल्या रस्त्यानं, कोणत्या मंदिरामागे, दाराचा रंग कोणता. तो एक तास पहाटेचा ठेवा, घरातून बाहेर पडायच्या आधीचा. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यावर लग्नाला जायचं असेल तर रेंज जाण्याआधी बदल भरून टाका. आणि घरच्यांना सांगून ठेवा की दारात अनोळखी माणूस आला तर 'तो नाही' म्हणून दार लावायचं नाही, फोन करायचा.

'फक्त एवढंच सांग'

सामना विकणं वाईट, हे कोणाला सांगावं लागत नाही. खरी अडचण त्याच्या बरीच आधी सुरू होते. शाकिब अल हसनवर २०१९ मध्ये आयसीसीनं दोन वर्षांची बंदी घातली, त्यातलं एक वर्ष स्थगित. त्यानं सामना विकला नव्हता. बुकीनं संपर्क केला होता आणि ते त्यानं कळवलं नव्हतं, एवढाच गुन्हा. उलट बाजूनं महंमद सिराजचं बघा. एप्रिल २०२३ मध्ये बातमी आली की संघातल्या आतल्या गोष्टी विचारणारा मेसेज आल्यावर त्यानं तो लगेच भ्रष्टाचारविरोधी विभागाला कळवला. विचारणारा मोठा बुकी नव्हताच. सट्ट्यात पैसे हरलेला हैदराबादचा एक ड्रायव्हर होता.

म्हणजे विचारणारा साधा, ओळखीचा, अगदी गयावया करणारा असू शकतो. कोणाला दुखापत आहे, पहिल्या सातात कोण, नाणेफेक जिंकल्यावर काय ठरलंय, खेळपट्टी कशी आहे, हे सगळं आतलं. शाळेच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही यातलं काही लिहायचं नाही. कोणी विचारलंच तर वाद घालू नका, शिव्या देऊ नका, मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट काढा आणि त्याच दिवशी क्रिकेटमध्ये भ्रष्टाचारविरोधी अधिकाऱ्याला, इतर खेळांत लीगनं नेमलेल्या माणसाला किंवा संघ व्यवस्थापकाला कळवा. 'आपलाच माणूस आहे, त्याला कशाला अडकवू' असं मनात येईल. न कळवता तुम्ही अडकाल.

स्वतः पैज लावायची नाही, स्वतःच्या संघावर तर नाहीच. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आली आहे, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही तुरुंग आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. 'दादा, एक स्टोरी टाका, पन्नास हजार देतो' असा निरोप तुमच्याही इन्स्टाग्रामवर येईल. आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात आखाजीला पत्ते कुटण्याची चाल जुनी आहे, घराघरांत डाव बसतात, पैसे लागतात. झोके, गाणी, आमरस सगळं करा, त्या डावात मात्र बसू नका. धाड पडली तर बातमीत बाकीच्यांचं नाव येणार नाही, तुमचं येईल.

गावचे सामने

हे सर्वांत अवघड. दिवाळीनंतर गावोगावी प्रकाशझोतातले कबड्डीचे सामने, टेनिस बॉलचे चषक, यात्रेतल्या कुस्तीच्या दंगली सुरू होतात. ज्या मैदानावर तुम्ही घडलात, तिथून बोलावणं येतं. बहुतेक करारांत परवानगीशिवाय दुसरीकडे खेळायला मनाई असते. त्यामागे कारण आहे. ओबडधोबड मैदानावर घोटा मुरगळला तर तुमचा हंगाम गेला, आणि त्या दुखापतीचा खर्च संघ देत नाही.

पण तुम्ही नाही म्हणालात की चावडीवर काय बोललं जाईल, ते ठरलेलं आहे: 'पोऱ्या मोठा व्हयना, आते आम्हले इसरी ग्या.' (पोरगा मोठा झाला, आता आम्हाला विसरला.) हे ऐकून भलेभले मैदानात उतरतात. त्यावर माझा उपाय असा. बोलावणं येण्याआधीच आयोजकांना स्वतः फोन करा. 'अप्पा, खेळता येणार नाही, करारात लिहिलंय. पण मी येतो, दोन तास पोरांना शिकवतो, बक्षीस वाटायला थांबतो.' तेवढ्यासाठीही संघाकडून परवानगी घ्या आणि ती मेसेजवर लेखी घ्या. माणसं समजूतदार असतात. त्यांना तुमचं येणं हवं असतं. कराराचं पान दाखवून थोरल्यांना एकदा नीट समजावलं की पुढच्या वर्षी तेच बाकीच्यांना समजावतात. इनामाच्या कुस्तीला हीच गोष्ट लागू, आणि तिथे घेतलेल्या रोख इनामाचा हिशेब आयकरातही द्यावा लागतो.

बॅनरचंही तसंच. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, 'शुभेच्छुक' च्या रांगेत, पक्षाच्या चिन्हाशेजारी तुमचा फोटो तुम्हाला न विचारता लागतो. दिसल्या दिवशी फोन करून तो काढून घ्यायला सांगा, आणि संघाला कळवून ठेवा. मत कोणालाही द्या, तो तुमचा हक्क आहे. चेहरा मात्र करारानं बांधलेला आहे.

आणि रस्त्यावर तलवारीनं केक कापणं बंद. शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल होतात, पुरावा मित्रांनीच व्हिडिओ काढून टाकलेला असतो. बुलेटचा फटाका सायलेन्सर आणि 'भाऊ' लिहिलेली नंबरप्लेट यांचंही तेच.

मोबाइल

जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांना टीव्हीवरच्या गप्पांत स्त्रियांबद्दल केलेल्या बोलण्यावरून ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यातून परत बोलावलं गेलं. पुढे दोघांना प्रत्येकी २० लाखांचा दंड झाला. त्यातले प्रत्येकी दहा लाख कर्तव्यावर मृत्यू आलेल्या निमलष्करी जवानांच्या कुटुंबांना आणि दहा लाख अंधांच्या क्रिकेटला गेले. गप्पा चेष्टेच्या होत्या. पण खेळाडू बोलला की ते संघाचं बोलणं धरलं जातं. जात, धर्म, बायका, पंच, निवड समिती या पाच विषयांवर रागात काही टाकू नका. जुन्या, शाळेत असतानाच्या पोस्टही सहीआधी बसून बघा. खेळाडू नावारूपाला आला की कोणीतरी त्या उकरून काढतंच.

पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन टाकलेली पोस्ट जाहिरात असते, आणि तसं स्पष्ट लिहावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जाहिरात करणाऱ्या व्यक्तीलाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. सराफाचं दुकान असो की बियाण्याची कंपनी, आधी संघाला विचारा.

मुली, अल्पवयीन खेळाडू, आणि सुरक्षितता

आचारसंहिता तुम्हाला बांधते तशी तुमचं रक्षणही करते, आणि हे मुलींच्या आई-वडिलांनी विशेष लक्षात ठेवावं. मुलींच्या संघासोबत स्त्री व्यवस्थापक आहे का, प्रवासात आणि मुक्कामात कोण असणार, तक्रार समिती कोणाची, हे निवडीच्या दिवशीच विचारा. विचारल्यानं निवड जाईल ही भीती खरी असते, मला ती कळते. तरी विचारा, आणि शक्य झालं तर चार घरच्यांनी मिळून विचारा. प्रशिक्षकानं एकट्या मुलीला खोलीवर बोलावणं, रात्री खासगी मेसेज करणं हे कोणत्याच कारणानं योग्य नाही. १८ वर्षांखालील मुलामुलींसाठी पोक्सो कायदा, २०१२ आहे, आणि कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे.

मुलग्यांनो, तुमच्यासाठी: नाव झालं की चाहत्यांचे मेसेज येतात. समोरची १८ च्या आतली असेल तर तिची संमती कायदा मानत नाही. संशय आला तरी उत्तर देऊ नका.

नोकरी लागली तर

चाळीसगाव तालुक्याचे विजय चौधरी २०१४ ते २०१६ सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे पोलीस उपअधीक्षक. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, भुसावळकडच्या मुलांना रेल्वेचंही दार आहे. तिथे गेलात की दोन आचारसंहिता लागतात: खेळाची, आणि नोकरीची. राज्य कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम, रेल्वेला १९६६ चे. पूर्वपरवानगीशिवाय दुसरा धंदा किंवा नोकरी नाही, राजकीय व्यासपीठ नाही. लीगचा करार आणि जाहिरात, दोन्हीसाठी साहेबांच्या सहीचा कागद हवा.

नोटीस आली तर

पहिलं, फोनवर कोणालाही खुलासा देऊ नका आणि स्टेटसवर काहीच लिहू नका. नोटिशीवर उत्तर द्यायची मुदत लिहिलेली असते. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं मांडा. उत्तर लेखीच द्यायचं, पोच घ्यायची. डोपिंगची नोटीस असेल तर दुसऱ्या, म्हणजे 'ब' बाटलीची तपासणी मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्यालाही मुदत असते. मेडिकलची बिलं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, नमुन्याच्या फॉर्मची प्रत, परवानगीचे मेसेज, सगळं एका फायलीत घाला. म्हणूनच बिल घेतल्याशिवाय औषध विकत घ्यायचं नाही. सुनावणीला वकील नेता येतो, दुभाषी मागता येतो. इंग्रजी किंवा हिंदी कळत नसेल तर मागाच, मान डोलावत बसू नका. समितीपुढे खरं तेच सांगा. चूक झाली असेल तर आधीच कबूल केल्यावर शिक्षा कमी होण्याची तरतूद बऱ्याच नियमांत आहे, बनावट चिठ्ठी जोडली तर मात्र दुसरा गुन्हा लागतो.

बंदी लागली तर तिच्या काळात गावच्या, मान्यता नसलेल्या वाटणाऱ्या सामन्यातही उतरण्याआधी आदेश वाचा. डोपिंगच्या बंदीत खेळलात की मूळ मुदतीच्या शेवटी तेवढीच नवी मुदत जोडली जाऊ शकते, आणि ती 'दोनच चढाया' कोणी तरी मोबाइलवर टिपलेल्या असतात.